म्हाताऱ्या लॅबला मसाज : खुब्यात संधिवात असेल तर हात नेमका कुठे ठेवायचा?

मागचा_पाय :

लॅब्रॅडॉर कुत्रा, नर, वय ११, वजन ३४ किलो. दोन्ही खुब्यांत हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) आणि त्यातून आलेला संधिवात. डावा जास्त खराब. एक्स-रे झालेत, निदान व्हेटचं आहे. वेदनाशामक गोळी रोज चालू, रक्ततपासणीत लिव्हर-किडनी ठीक. मसाजला व्हेटची हरकत नाही, पण "हलक्या हाताने करा" याच्या पुढे तपशील मिळाला नाही.

सध्याची पद्धत अशी : संध्याकाळी फिरून आल्यावर तो उजव्या कुशीवर पडतो. तेव्हा डाव्या खुब्यावर अंगठ्याने गोल गोल दाबणं, साधारण दहा मिनिटं. पहिली दोन मिनिटं पडून राहतो, मग मान वळवून हाताकडे बघतो, नाकावर जीभ फिरवतो आणि शेवटी उठून दुसरीकडे जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला उलट जास्त वेळ लागतो.

हे प्रश्न आहेत :
दाब किती हवा आणि तो मोजायचा कसा?
सुरुवात कुठून करायची, एकूण किती वेळ, आठवड्यातून किती वेळा?
तेल लावायचं का?
आणि आपण बरं करतोय की वाईट, हे कशावरून ओळखायचं?

सावकाश_हात :

नाकावर जीभ, हाताकडे वळलेली मान, मग उठून जाणं. तीनदा "पुरे" सांगून झालंय त्याचं. पहिल्या खुणेलाच हात उचलायचा असतो. तिसऱ्या खुणेपर्यंत थांबलात तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या मिनिटालाच उठेल.

आता जागा. तुमचा अंगठा जिथे टेकतोय तिथे त्वचेखाली लगेच मांडीच्या हाडाचा उंचवटा आहे. खरा सांधा त्याच्याही आत, पुठ्ठ्याच्या स्नायूंखाली खोल. दहा मिनिटं दाबून सांध्यापर्यंत काही पोचत नाही, मधला पातळ थर मात्र हाडावर रगडला जातो. त्यात अशा कुत्र्याचे तिथले स्नायू आधीच उतरलेले असतात. सकाळचा वाढलेला जडपणा बहुतेक याचाच.

दुखतं मागे, पण राबतं पुढे. धडधाकट कुत्रा उभा असताना साधारण ६०% भार पुढच्या पायांवर आणि ४०% मागच्या पायांवर असतो. खुबे दुखायला लागले की भार आणखी पुढे सरकतो. शिवाय कुत्र्याला माणसासारखं कॉलरबोन नसतं. पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेलेच नसतात, धड दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. म्हणजे मागून सरकलेला प्रत्येक किलो हीच झोळी पेलते. उठतानाही तो मागून ढकलत नाही, पुढच्या पायांनी स्वतःला ओढून घेतो. त्यामुळे मानेचा तळ, खांदे, दंडाचा मागचा स्नायू आणि कंबर हे सगळं दिवसभर आवळलेलं असतं. मसाजचा फायदा तिथे पटकन दिसतो. खुब्याची पाळी शेवटी.

दाब शिकायला स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. चार बोटं सपाट ठेवून काट्यावर दाबा, २०० ते २५० ग्रॅमवर थांबा, डोळे मिटा आणि हाताला ते कसं लागतं ते लक्षात ठेवा. मग काटा न बघता तेवढाच दाब द्या आणि तपासा. बहुतेक जण पहिल्यांदा ८०० ग्रॅमच्या पुढे गेलेले असतात. पहिले दोन आठवडे यापेक्षा जास्त नको. नंतर दंड आणि मांडीच्या जाड स्नायूंवर अर्ध्या किलोपर्यंत चालतं. हा कुठला शास्त्रीय नियम नाही, हाताला वळण लावायची युक्ती आहे.

क्रम असा ठेवा. फिरून आल्यावर १० मिनिटं जाऊ द्या, श्वास शांत होऊ दे. जेवण झालं असेल तर किमान दीड-दोन तासांनंतर. खाली न घसरणारी जाड सतरंजी. तुम्ही त्याच्या पाठीच्या बाजूला बसा, अंगावर ओणवं होऊन नाही. आधी एक तळहात खांद्यामागे आणि एक कंबरेवर नुसता ठेवा, मिनिटभर काही करू नका. हाताखाली त्वचा ताणलेली आहे की सैल, एक बाजू जास्त गरम आहे का, हे याच मिनिटात कळतं.

मग मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत सपाट तळहाताने लांब हात फिरवायचा, एका फेरीला पाच-सहा सेकंद, सात-आठ फेऱ्या. मणक्यांवरून हात न्यायचा नाही. मणक्यांची टोकं बोटाला लागतात, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं मावतील एवढी पन्हाळ आहे. हात त्या पन्हाळीतून जायला हवा. शेवटची बरगडी संपली की खाली हाडाचा आधार नाही, तिथे दाब निम्मा करा.

त्यानंतर दंडाचा मागचा स्नायू. कोपरापासून खांद्याच्या फऱ्याच्या मागच्या कडेपर्यंत जो मांसल त्रिकोण आहे तो. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, स्नायू हाडापासून किंचित उचलायचा, तीन अंक मोजेपर्यंत धरायचा, तीन अंक मोजत सोडायचा. एक बोटभर वर सरकायचं आणि पुन्हा. चिमटा नको. बोटांची टोकं रुतत असतील तर पकड चुकली, पेरांचा सपाट भाग लागायला हवा. या स्नायूत बऱ्याचदा शेंगेसारखी ताठ दोरी लागते. तिच्यावर सपाट बोट ठेवून १० ते १५ सेकंद थांबा, घासू नका. सैल होत गेली तर चांगलं. नाही झाली तर पुढे चला, एका बैठकीत एका दोरीला दोनपेक्षा जास्त वेळा हात लावायचा नाही. एकाच जागी चिकटून बसणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि तिचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो.

खांद्याच्या फऱ्यावर मधोमध एक हाडाची धार लागते. तिच्या पुढे एक स्नायू, मागे एक. दोन्हींवर बोटांच्या पेरांनी छोटे गोल, त्वचा घासली न जाता स्नायूवरून सरकेल इतपत. मानेच्या तळाला तळहाताने हलकं दाबून सोडणं. गळ्याच्या पुढच्या बाजूला हात नाहीच, तिथे श्वासनलिका आहे.

मागचा भाग : पुठ्ठ्यावर आणि मांडीच्या मागच्या मोठ्या स्नायूंवर फक्त सपाट तळहात, दाबा-धरा-सोडा. उंचवट्याच्या हाडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. दुखऱ्या बाजूला तीन मिनिटं खूप झाली. शेवटी पुन्हा मानेपासून शेपटीपर्यंत तीन-चार फेऱ्या, दाब कमी करत.

पहिले तीन-चार दिवस एकूण पाच मिनिटंच. मग १५ मिनिटांपर्यंत, आठवड्यातून दोन-तीनदा. मधल्या दिवशी नुसत्या लांब फेऱ्या मारल्यात तरी चालेल. उजवी कूस वर हवी असेल तर त्याला पालथा करू नका. उठून फिरून तो स्वतः डाव्या कुशीवर पडेल तेव्हा करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

पंजा_४ :

वरचं सगळं मान्य. हात लावायचाच नाही अशा वेळा कोणत्या, ते राहिलंय.

ताप असेल तर नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, म्हणजे हाताला तो कायमच गरम लागतो. कान-नाक चाचपून ताप कळत नाही, थर्मामीटर लागतो. ताजा मार असेल तर पहिले ४८ ते ७२ तास त्या जागेला हात नाही. जखम, खरूज, पू झालेली त्वचा, टाके असलेली जागा, सगळं वर्ज्य. पोट तर कुठल्याच कुत्र्याचं दाबायचं नाही.

गोचिडांपासून होणाऱ्या एर्लिकियासारख्या आजारात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, मग साध्या दाबानेही त्वचेखाली रक्त साकळतं. हिरड्यांवर किंवा पोटाच्या त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर मसाज राहू द्या, आधी रक्त तपासा.

कुत्रा चालताना मागचा पंजा उलटा टाकत असेल, म्हणजे गाद्यांऐवजी पंजाची वरची बाजू जमिनीवर टेकत असेल, झोकांड्या खात असेल, उचलताना किंचाळत असेल किंवा पाठ कमानीसारखी धरून ठेवत असेल, तर तो खुबा नाही, मणक्यातल्या गादीचा प्रश्न असू शकतो. त्यात पाठ चोळणं धोक्याचं. त्याच दिवशी व्हेट. खुब्याच्या आणि मणक्याच्या दुखण्यात लोक फार गल्लत करतात, कारण दोन्हीत मागचेच पाय लटपटतात. घरच्या घरी बघायची खूण सांगतो : कुत्रा उभा असताना खाली एका हाताने पोटाला आधार देऊन मागचा एक पंजा हळूच उलटा ठेवा. मज्जातंतू ठीक असतील तर तो क्षणात सरळ करतो. दोन-तीन सेकंद तसाच राहिला तर मसाज बंद आणि फोन हातात.

तेल. लावू नका. कुत्र्याच्या मसाजला तेलाची गरजच नसते, कारण हात त्वचेवरून घसरवायचा नसतो, त्वचा स्नायूवरून सरकवायची असते. तेलाने केस चिकटतात, पकड सुटते, धूळ बसते, आणि उरलेलं तो चाटून पोटात घेतो. मग जुलाब. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे. वासाची इतर तेलंही नकोत, आपल्याला मंद वाटणारा वास त्यांच्या नाकाला भडिमार असतो.

त्याहून महत्त्वाचं : माणसांची दुखण्यावरची मलमं. मेंथॉल, कापूर, विंटरग्रीन असलेले बाम तर नाहीतच, पण डायक्लोफेनॅकचं जेल मुळीच नाही. चाटल्यावर ते थेट पोटात जातं. आधीच एक वेदनाशामक चालू असलेल्या कुत्र्यात दुसरं पडलं की जठरात व्रण आणि किडनीवर घाला, दोन्ही होऊ शकतं. तुमच्या स्वतःच्या मनगटाला असं जेल लावलं असेल तर हात नुसते पुसून मसाजला बसू नका, साबणाने धुवा आणि मनगट झाका. गोळी चालू असताना काळी शी, उलट्या किंवा खाणं बंद झालं तर गोळी थांबवून व्हेटला विचारायचं. आणि मसाजने बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर कमी करायची नाही.

धावपळ :

हातात धरायची मसाज गन सगळ्यात हलक्या वेगावर वापरली तर? दंडाच्या स्नायूला वेळ वाचेल.

पंजा_४ :

नको. एक तर आवाज आणि थरथर यानेच बरेच कुत्रे आवळून घेतात. दुसरं, लॅबच्या दंडावर स्नायू जेमतेम दोन बोटं जाड, खाली हाड. माणसाच्या मांडीसाठी बनवलेला ठोका तिथे हाडावरच बसतो. तिसरं, गनला ताठ दोरी कळत नाही, गरम जागा कळत नाही. मसाजची निम्मी कमाई म्हणजे आज काय बदललंय ते हाताला कळणं, तीच जाते.

उलटे_केस :

सावकाश_हात यांच्या एका मुद्द्यावर थोडं वेगळं. मानेपासून शेपटीकडे हात नेणं हे शांत करण्यासाठी ठीक, केसांच्या दिशेने असल्याने कुत्र्याला आवडतंही. पण पायांवर जर सूज उतरवायची असेल तर दिशा पंजाकडून वर, हृदयाकडे हवी. लसीका (पेशींभोवतीचं पाणी परत रक्तात नेणारा द्रव) त्याच बाजूला वाहते. केसांच्या उलट जातंय म्हणून दाब अगदी कमी, त्वचा जेमतेम ताणली जाईल एवढा. लसीकेच्या वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात, जोराने दाबून त्या मिटतात आणि काम होत नाही.

सावकाश_हात :

बरोबर. सूज असेल तर तुमचीच दिशा. या कुत्र्याचे पाय सुजलेले आहेत असं लिहिलेलं नाही म्हणून धरलं नव्हतं. दाबा-धरा-सोडा पद्धतीत दिशेचा प्रश्नच येत नाही, म्हणून नवख्याला मी तीच सांगतो.

मागचा_पाय :

वजनकाट्यावर बघितलं, माझा "हलका हात" ९०० ग्रॅमचा निघाला.

नव्या क्रमाने पाच मिनिटं, तीन दिवस झाले. पुढच्या भागावर हात असताना तो डोळे अर्धे मिटतो, मोठा उसासा टाकतो, उठत नाही. सकाळचा जडपणा निदान वाढलेला नाही. तीन नव्या शंका :

एक, खांद्याच्या पुढे, मानेच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक गाठ लागते, आणि मागच्या गुडघ्यामागेही. या आवळलेल्या स्नायूच्या गाठी आहेत का? दाबून सोडवायच्या का?
दोन, कंबरेवर डाव्या बाजूला हात गेला की त्वचा थरथरते, माशी बसल्यासारखी.
तीन, मध्येच तोंड उघडून धापा टाकायला लागतो. आनंदाने की दुखून?

सावकाश_हात :

पहिल्या शंकेचं उत्तर आधी : दाबू नका. तुम्ही सांगताय त्या दोन्ही जागा लसीका ग्रंथींच्या आहेत. खांद्याच्या पुढे एक जोडी, गुडघ्याच्या मागे एक जोडी, जबड्याच्या कोनाखाली एक जोडी. जबड्याखाली त्याच्या जवळच लाळग्रंथीही असते, ती मोठी आणि थोडी खडबडीत लागते, तिलाही लोक गाठ समजून चोळतात. ग्रंथी आणि स्नायूची दोरी यांत फरक असा की ग्रंथी गोल किंवा लंबगोल, त्वचेखाली सुटी, बोटाने सरकवली की निसटते. दोरी स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने लांबट, दोन्ही टोकांना हळूहळू विरून जाणारी, आणि ती निसटत नाही.

गुडघ्यामागची ग्रंथी मोठ्या कुत्र्यात सहज हाताला लागते, मोठ्या वाटाण्यापासून लहान द्राक्षाएवढी असू शकते. दोन्ही बाजू सारख्या आणि मऊसर असतील तर बहुधा नेहमीच्याच. एका बाजूची मोठी असेल तर त्या पायात कुठे जखम किंवा जंतुसंसर्ग आहे का बघा, बोटांच्या मधल्या फटीसकट. सगळ्याच जोड्या एकदम वाढलेल्या असतील, तर मसाजचं राहू द्या आणि त्याच आठवड्यात व्हेटकडून सुईने नमुना घ्या. लिम्फोमाची, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची, ती पहिली खूण असू शकते. आकार कागदावर लिहून ठेवा. "मोठी वाटते" याला महिन्याभराने काही अर्थ उरत नाही.

त्वचेत किंवा त्वचेखाली लागणाऱ्या इतर गाठींना सुद्धा हाच नियम. चरबीच्या मऊ गाठी लॅबमध्ये भरपूर असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. पण मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची गाठ, हुबेहूब तशीच लागू शकते, आणि ती चोळली तर तिच्यातून हिस्टामिन सुटून आसपास लाली-सूज येते, उलट्याही होऊ शकतात. हाताने चाचपून कुणालाच हा फरक सांगता येत नाही, व्हेटलाही नाही. सुईची तपासणी झालेली नसेल तोवर प्रत्येक गाठीला वळसा घालायचा.

त्वचा थरथरणं : पाठीवर त्वचेखाली एक पातळ स्नायूचा पडदा असतो, माशी उडवायला. गुदगुल्या झाल्या तरी तो हलतो. पूर्ण तळहात ठेवून पाच सेकंद थांबा. थरथर थांबली तर बोटांची टोकं टोचत होती, एवढंच. तळहाताखालीही थांबली नाही, रोज त्याच जागी आणि एकाच बाजूला होत असेल, तर तिथे दुखतंय असं धरा. खुब्याच्या कुत्र्यात कंबरेच्या आतून मांडीकडे जाणारा स्नायू बऱ्याचदा ताणलेला असतो, कारण तो पाय पूर्ण मागे नेतच नाही. तो स्नायू मणक्याच्या खालच्या बाजूला आहे, वरून मसाज करून हाताला येत नाही. मांडीच्या आतून तो दाबायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. तिथूनच मांडीची मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते. ते काम फिजिओचं.

धापा : आधी तोंड मिटलेलं होतं आणि तुमच्या हाताखाली उघडलं, तर खोलीतला उकाडा वगळता ती तक्रारच समजा. आनंदाची खूण वेगळी. जबडा सैल, ओठ लोंबता, श्वास लांब आणि कमी होत जाणारा. गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या आत श्वास असायला हवेत. मसाजच्या आधी आणि नंतर १५ सेकंद छातीचे उतार-चढाव मोजून चारने गुणा. नंतरचा आकडा कमी हवा. जास्त आला तर त्या दिवशी काय वेगळं केलं ते शोधा. आणि याच्या उलट, श्वास एकदम थांबवून धरला, शरीर दगडासारखं स्थिर झालं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, तर हात ताबडतोब वर. त्यानंतरची पायरी गुरगुरणं. गुरगुरला म्हणून ओरडू मात्र नका. ती सूचना दाबून टाकली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो.

पंजा_४ :

शेक आणि पाय हलवणं याबद्दल भर घालतो, कारण थंड स्नायूवर मसाज म्हणजे अर्धी मेहनत वाया.

टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला ३० सेकंद धरायचा. सहज सहन झाला तरच कुत्र्याला. कंबर आणि पुठ्ठ्यावर १० मिनिटं, दर दोन मिनिटांनी टॉवेल उचलून त्वचा बघायची. केसांमुळे उष्णता आधी पोचत नाही आणि मग एकदम पोचते, म्हणून हा खटाटोप. विजेवर चालणारी गादी अंगावर बांधून किंवा कुत्रा झोपलेला असताना ठेवू नका. म्हातारा, उठायला त्रास होणारा कुत्रा चटका बसला तरी पटकन बाजूला होत नाही. सांधा नुकताच सुजलाय, हाताला शेजारच्या भागापेक्षा गरम लागतोय, तर शेक नाही. तिथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ, १० मिनिटं.

पाय हलवणं मसाज झाल्यावर, अंग गरम असताना. दुखरा पाय वर. एक हात कंबरेच्या हाडावर नुसता टेकलेला, दुसरा हात गुडघ्याच्या जरा वर, मांडीला खालून आधार. पंजाला धरून ओढायचं नाही. पाय जमिनीला समांतर ठेवून सावकाश पुढे, मग सावकाश मागे. डिस्प्लेशियाच्या खुब्याला पुढे जाणं सोपं असतं, मागे जाताना लागतं. मागे नेताना जिथे मांडी किंचित कडक होते त्याच्या आधी थांबा. ती रोजची हद्द. ८ ते १० वेळा, बस. पाय बाहेरच्या बाजूला फाकवायचा नाही आणि पिळायचा नाही. सांध्यातून खट असा आवाज किंवा खरखर हाताला जाणवली आणि कुत्रा दचकला, तर हा प्रकार व्हेटला विचारेपर्यंत बंद.

मसाजनंतर अर्धा-पाऊण तास उड्या, जिना, चेंडू काही नाही. अंग मोकळं वाटतं म्हणून तो धावतो आणि रात्री लंगडतो, मग दोष मसाजला. आधी सावकाश शू-फेरी, पाणी, मग झोप.

नखं पण बघा. उभा असताना नखं जमिनीला टेकत असतील तर तो भार पंजाच्या मागच्या भागावर टाकतो आणि दंड-खांदा पुन्हा आवळतो. गुळगुळीत फरशीवर न घसरणाऱ्या पट्ट्या टाकल्या नाहीत तर तुमची १५ मिनिटं तो दहा पावलांत वाया घालवेल.

मोजपट्टी :

मूळ चौथा प्रश्न राहून गेलाय, बरं होतंय की वाईट. डोळ्यांवर विसंबू नका, मालकाचे डोळे फार आशावादी असतात.

रोज सकाळी पहिल्यांदा उठतानाचा व्हिडिओ, मोबाइल एकाच जागी ठेवून. हालचाल सुरू झाल्यापासून चारही पंजे खाली टेकेपर्यंतचे सेकंद मोजा. एका दिवसाचा आकडा बघू नका, सात दिवसांची सरासरी काढा. आदल्या दिवशीचं चालणं आणि मसाजची मिनिटं शेजारी लिहा. दोन आठवड्यांत कल समजतो.

मांडीचा घेर चार आठवड्यांतून एकदा. कुत्रा चौकोनी उभा, मागचे दोन्ही पंजे एका रेषेत. खुब्याचा उंचवटा ते गुडघ्याची वाटी हे अंतर मोजा, वरून त्याच्या ७०% वर खूण करा, तिथे शिवणकामाची पट्टी गुंडाळा. केस दबतील पण मांस दबणार नाही एवढीच ओढ. तीनदा मोजून सरासरी. दुसऱ्या पायालाही तसंच. एक सेंटिमीटरच्या आतला फरक मोजण्यातलाच समजा. घेर मसाजने वाढत नाही, तो रोजच्या सपाट जमिनीवरच्या बेताच्या चालण्याने वाढतो. मसाजने त्या चालण्याला कुत्रा तयार होतो एवढंच.

आणि ३४ किलो. हाडापेराने मोठा लॅब असेल तर ठीकही असेल. बरगड्यांवर बोटं हलकेच फिरवा. दाबल्याशिवाय बरगड्या मोजता येत नसतील तर वजन जास्त आहे. लठ्ठ आणि संधिवात असलेल्या कुत्र्यांवरच्या एका लहान अभ्यासात साधारण ६% वजन उतरल्यावर लंगडणं कमी झालेलं दिसलं. तुमच्या बाबतीत ते दोन किलो होतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४८ लॅब्रॅडॉरवरच्या आयुष्यभराच्या अभ्यासात २५% कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे ज्याहून जास्त जगले ते) १३ वर्षं, दुसऱ्या गटाचं ११.२ होतं, आणि संधिवाताचे उपचारही पहिल्या गटात उशिरा लागले. मसाजच्या बाजूने इतका भक्कम पुरावा नाही, हेही माहीत असू द्या.

मागचा_पाय :

बरगड्या दाबल्याशिवाय लागत नाहीत.

गुडघ्यामागच्या ग्रंथी दोन्ही बाजूंना सारख्या, वाटाण्याएवढ्या. मानेच्या तळाची डावी मात्र उजवीपेक्षा मोठी आहे, साधारण दीडपट. डाव्या पुढच्या पंजाच्या बोटांच्या फटीत लाल, ओलसर जागा सापडली. चाटून चाटून झालेली दिसते.

सावकाश_हात :

मग ग्रंथी मोठी असण्याचं कारण तेच असण्याची शक्यता बरीच आहे. उद्या व्हेटला पंजा दाखवा, ग्रंथीचाही उल्लेख करा. पंजा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा मोजायची, लहान झाली नाही तर सुईची तपासणी. तोवर त्या पायाला कोपराखाली हात नाही. उजवा दंड, पाठ, पुठ्ठा चालू ठेवा. डावा खांदा नुसत्या तळहाताने. डावा पंजा दुखतोय म्हणजे भार आता उजव्या पुढच्या पायावर गेलेला असणार, उद्या तिकडचा दंड जास्त कडक लागला तर नवल नाही.